ब्रिटिश पासपोर्टवाली भाची दीड वर्ष सोलापुरात राहणार आहे : गाडी कुणाच्या नावावर घ्यावी? इन्शुरन्सचं काय?

वैशाली_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी,

माझ्या बहिणीची मुलगी लेस्टरला जन्मली, तिथेच वाढली. पासपोर्ट ब्रिटिश, सोबत ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड. दिवाळीनंतर ती आणि तिचा नवरा दीड वर्षासाठी सोलापूरला येताहेत. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि नातीला आजीजवळ राहायचंय, एवढंच कारण. जावई तिकडचाच आहे, त्याला ओसीआय पत्नीमुळे एन्ट्री व्हिसा मिळालाय.

आईचे गुडघे गेलेत. रिक्षात चढताना तिला दोघांनी धरावं लागतं, आणि मे महिन्यात दुपारी तिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे माझ्या पोटात गोळा येतो. शिवाय अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर तिला एकदा डोळे भरून बघायचंय, नातीबरोबर. म्हणून आल्या आल्या गाडी घ्यायची असं दोघांनी ठरवलंय. बजेट चार ते पाच लाख, म्हणजे बहुतेक जुनीच. जाताना विकून जातील.

माझ्याकडे ना गाडी ना लायसन, त्यामुळे यातलं मला काही कळत नाही. दोन ठिकाणी चौकशी केली. एक जण म्हणाला, परदेशी माणसाच्या नावावर गाडी होतच नाही, ताई तुमच्या नावावर घ्या. दुसरा म्हणाला, होते, पण आरटीओत वरचे पंधरा हजार लागतील. दोघांवरही विश्वास बसत नाही.

तर गाडी भाचीच्या नावावर होते का? इन्शुरन्स कंपनी परदेशी पासपोर्टवर पॉलिसी देते का? तिकडे तिने बरीच वर्षं एकही क्लेम केलेला नाही, त्याचा इथे काही फायदा? आणि तिकडच्या लायसनवर इथे गाडी चालवली आणि काही झालं तर कंपनी पैसे देईल का? या शेवटच्या प्रश्नाने माझी झोप उडाली आहे. आई गाडीत असणार आहे.

प्रशांत_विजापूररोड

ताई, एवढा विचार कशाला? तुमच्या नावावर घ्या. तुमचं आधार आहे, पॅन आहे, लाइट बिल आहे. टीटी (गाडी नावावर करणं) आठ-पंधरा दिवसांत होऊन जाईल. पैसे भाची देईल, गाडी ती चालवेल, जाताना तुम्ही सही करून विकाल. आमच्या गल्लीत दुबईवाल्या पोरांच्या सगळ्या गाड्या बापाच्या नावावरच आहेत.

मोटारविमा_नवीपेठ

वैशालीताई, माझं मोटार इन्शुरन्सचंच काम आहे, नवी पेठेत. तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि प्रशांतभाऊंनी सांगितलेल्या मार्गाने जायच्या आधी तो नीट समजून घ्या.

पहिलं म्हणजे परदेशी नागरिकाच्या नावावर गाडी होते. मोटार वाहन कायद्यात मालक भारतीयच हवा अशी अट नाही. आरटीओला हवा असतो पत्त्याचा पुरावा, आणि अडतं ते तिथेच. होतच नाही असं सांगणाऱ्याला बहुधा ते कागद जमवायचा कंटाळा असतो. पंधरा हजारवाल्याकडे तर फिरकूच नका.

आता तुमच्या नावावर घेण्याबद्दल. बेकायदा काही नाही त्यात. पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ज्याचं नाव, कायद्याच्या लेखी तोच मालक. उद्या सात रस्त्याला कुणाला धक्का लागला, तर गाडी भाची चालवत असली तरी मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस तुमच्या नावाने येणार. भाची तोवर लेस्टरला परत गेलेली असेल आणि तारखांना तुम्ही जाल. चालवणाऱ्याचं लायसन संपलेलं असेल तर कलम १८० खाली मालकालाही तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकाचा स्वतःचा पंधरा लाखांचा अपघात विमा असतो, तो लायसन असलेल्या मालकालाच मिळतो. तुमच्याकडे लायसन नाही, म्हणजे तो तुम्हाला मिळणार नाही आणि भाची मालक नाही म्हणून तिलाही नाही. खरी चालवणारी व्यक्ती त्या संरक्षणाच्या बाहेर राहिली. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात सूट मिळते, त्या बोनसचंही तेच. तो मालकाचा असतो, गाडीचा नसतो, त्यामुळे तिचा तिकडचा बोनस तुमच्या पॉलिसीला लागू होणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की गाडी जो चालवणार त्याच्याच नावावर घ्या. कागदांचा त्रास महिनाभर होईल, नंतर दीड वर्ष निवांत.

लायसनबद्दल. प्रत्येक पॉलिसीत ड्रायव्हर क्लॉज असतो. अपघाताच्या क्षणी चालवणाऱ्याकडे चालू, वैध लायसन हवं. ते भारतीयच हवं असं त्यात लिहिलेलं नसतं. १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं गाडी चालवायचं आंतरराष्ट्रीय परमिट आणि सोबत मूळ ब्रिटिश लायसन, दोन्ही जवळ असेल तर चालतं. पण ते परमिट बारा महिन्यांचं असतं आणि तुमची मंडळी अठरा महिने राहणार आहेत. शेवटच्या सहा महिन्यांत त्यांच्याकडे काहीच नसेल, आणि नेमक्या त्या काळात काही झालं तर क्लेमवर लायसनचा पहिला प्रश्न येणार. आपल्याकडे वर्षभर नीट चालवलेला माणूस तेराव्या महिन्यात लायसनची तारीख बघत नाही हो, हे मी रोज बघतो. आल्यावर दोन-तीन महिन्यांत लर्निंग काढून टाका. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनी पक्क्याला अर्ज करता येतो. परदेशी लायसन असलेल्याला चाचणीतून सूट द्यायची तरतूद कलम ९ मध्ये आहे, म्हणून मूळ लायसन आणि झेरॉक्स सोबत ठेवा आणि अर्ज देतानाच सांगा. तरीही चाचणी घेतली तर द्यायची, त्यात काही विशेष नाही.

परमिट तिकडूनच घेऊन यायचं, इथे आल्यावर मिळत नाही. ब्रिटनमध्ये २०२४ च्या एप्रिलपासून ते पोस्टाऐवजी पेपॉइंटच्या दुकानांत मिळतं, साडेपाच पौंड फी आहे. निघायच्या आधी दोघांनीही काढायचं. एक विचारून घ्या, जावयाचं लायसन फक्त ऑटोमॅटिकचं आहे का? तिकडे बऱ्याच जणांचं तसं असतं. असेल तर गिअरची गाडी बघूच नका, ज्या गाडीची त्याला त्याच्या देशात परवानगी नाही तिच्यावर इथे क्लेम मागताना तुमची बाजू लंगडी पडते.

आता जुन्या गाडीतला सगळ्यात मोठा खड्डा. अमेरिकेहून शेती बघायला आलेला एक तरुण माझ्याकडे आला तेव्हा त्याचा अपघात होऊन गेला होता. त्याने सेकंडहँड गाडी घेतली होती आणि आरसी रीतसर नावावर करून घेतली होती. पॉलिसीला मात्र बरेच महिने बाकी होते, म्हणून ती जुन्या मालकाच्या नावावरच राहू दिली. जानेवारीत रात्री मोहोळच्या पुढे उसाची ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. बोनेट, रेडिएटर, दोन्ही हेडलाइट, एअरबॅग, सगळं गेलं. तो वाचला. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गॅरेजमध्ये येऊन आधी आरसी आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवली. दोन नावं वेगळी. क्लेम तिथेच संपला.

कायदा असा आहे की गाडी विकली की थर्ड पार्टीचं, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं, संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे जातं, कलम १५७. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण आपोआप जात नाही. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच हे सांगून ठेवलंय. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यायची. विकणाऱ्याला मिळालेला बोनस तुम्हाला चालत नाही, उरलेल्या महिन्यांपुरता तो फरक भरावा लागतो. भरा. नाहीतर सरळ नवीन पॉलिसी घ्या, तुमच्या बाबतीत मला तेच बरं वाटतं.

तिकडच्या बोनसचा फायदा होऊ शकतो. आपल्या जुन्या मोटार टॅरिफमध्येच, म्हणजे मोटार विम्याच्या दरांच्या नियमावलीतच, तशी तरतूद होती. परदेशातली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे पॉलिसी घेतली आणि तिकडच्या कंपनीचं पत्र दाखवलं तर बोनस देता येतो. आपल्याकडे तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो, आणि फक्त स्वतःच्या नुकसानीच्या भागावर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. भाचीला सांगा, निघायच्या आधी कंपनीकडून लेटरहेडवर पत्र घे, त्यात किती वर्षं क्लेम नाही आणि पॉलिसी कधी संपली हे असू दे. हे ऑनलाइन पोर्टलवर होत नाही. शाखेत जाऊन बसावं लागतं.

पोर्टलवर परदेशी पासपोर्ट तसाही अडतो. १ जानेवारी २०२३ पासून प्रत्येक नव्या पॉलिसीला केवायसी सक्तीची आहे आणि तिथे आधार किंवा पॅनचा नंबर मागतात. पॅन परदेशी नागरिकालाही मिळतं, त्यांचा फॉर्म वेगळा असतो. ते आधी काढून ठेवा, बँकेपासून गाडीपर्यंत सगळीकडे कामाला येतं.

पॉलिसी कुठली घ्यायची, तर आई गाडीत असणार म्हणताय म्हणून सांगतो. नुसती थर्ड पार्टी घेऊ नका. १००० सीसीपर्यंत तिचा दर २०२२ च्या जूनपासून २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आहे, वर अठरा टक्के जीएसटी. स्वस्त वाटते, पण ती समोरच्यासाठी असते. गाडीत बसलेल्या आईसाठी प्रवाशांचा अपघात विमा वेगळा जोडून घ्या, त्याला फार पैसे लागत नाहीत आणि एजंट स्वतःहून सांगत नाहीत. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांची झीज न कापता पैसे देणारी जोड, बहुतेक कंपन्या पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला देतात. ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे कापले जातात, आणि आजकाल बंपरपासून सगळं प्लास्टिकच आहे.

सातरस्ता_ओसीआय

वैशालीताई, मी स्वतः यातून गेलोय. अमेरिकन पासपोर्ट, ओसीआय, वडिलांच्या आजारपणासाठी सोलापूरला आलो आणि राहिलो. वरच्या सगळ्याला दुजोरा, पण पत्त्याच्या पुराव्याबद्दल लिहितो, कारण माझं घोडं तिथेच अडलं होतं.

ओसीआयवाल्याची अडचण अशी की त्याच्याजवळ इथला पत्ता असलेला एकही सरकारी कागद नसतो. आधार मिळतं, पण मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावर. म्हणजे पहिले सहा महिने विसरा. तुमच्या जावयाचं उलट आहे. त्याचा व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त असल्यामुळे त्याला आल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागेल. अर्ज ऑनलाइन होतो आणि सोलापुरात ते पोलीस आयुक्तालयाकडून बघितलं जातं. त्या नोंदणीच्या कागदावर इथला पत्ता असतो. म्हणजे जन्माने परका असलेल्या जावयाकडे आठवड्या-दोन आठवड्यांत पत्त्याचा सरकारी कागद असेल आणि भाचीकडे नसेल! त्यामुळे गाडी जास्त तोच चालवणार असेल तर त्याच्या नावावर घेण्याचाही विचार करा.

भाचीच्याच नावावर घ्यायची तर तिच्या नावाने तुमच्या घराचा भाडेकरार करा, आणि तो नोंदणीकृतच हवा. नुसता स्टॅम्पपेपर नोटरी करून नेला तर परत पाठवतील. मावशीच्या घरात भाडेकरार कसला, असं तुम्हाला वाटेल. माझ्या आईलाही ते फार लागलं होतं, पोटच्या पोराशी कसला करार म्हणाली. पण तोच कागद पुढे बँकेत चालला, पॅनला चालला, गॅसला चालला. सोबत बँकेत एनआरओ खातं (परदेशस्थ लोकांचं रुपयांतलं खातं) उघडा आणि गाडीचे पैसे त्यातूनच द्या. दोन लाख किंवा त्यावर रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, विकणारा रोखच मागत असेल तर तिथून उठा.

आधार नसताना परिवहन या सरकारी पोर्टलच्या घरबसल्या सेवा चालत नाहीत. ऑनलाइन अर्ज भरायचा, फी भरायची, प्रिंट काढायची आणि मूळ कागद घेऊन स्वतः आरटीओत जायचं. मी सकाळी लवकर गेलो, खिडकीवरच्या बाईंनी ओसीआय कार्ड उलटसुलट करून बघितलं, आत साहेबांना दाखवून आल्या आणि काम झालं. कुणी एक पैसा मागितला नाही.

आणि नाव! पासपोर्टवर जसं आहे तसंच पॅनवर, तसंच आरसीवर, तसंच पॉलिसीवर. आपल्याकडे मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव घालायची सवय आहे, आपण न सांगता एजंट ते घालतो. माझ्या आरसीवर वडिलांचं नाव मधे आलं, पासपोर्टवर नव्हतं, आणि दुरुस्तीला पुन्हा सगळी फेरी. फॉर्म भरून झाला की सही करायच्या आधी पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून बघा.

फिटर_अक्कलकोटरोड

ताई, कागदाचं वरच्यांनी सांगितलंय, मी गाडीचं सांगतो.

केए ३२, केए २८ च्या, म्हणजे कर्नाटक पासिंगच्या गाड्या तुम्हाला स्वस्त म्हणून दाखवतील. कलबुर्गी, विजयपूर जवळ पडतं, गाड्या लई येतात. घेऊ नका. तिकडची एनओसी, इथं परत टॅक्स, परत पासिंग, तुमची मंडळी दीड वर्ष राहणार, त्यातले चार महिने त्यातच जातील. एमएच १३ बघा. नाहीतर अकलूजची एमएच ४५, पुण्याची एमएच १२ पण चालेल, राज्यातल्या राज्यात टॅक्स परत लागत नाही.

दुसरं, पाण्यातली गाडी. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेला पूर आला तेव्हा किती गाड्या पाण्यात बसल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. त्या धुऊन पुसून बाजारात येतात. सीट कव्हर नवीन, परफ्यूम मारलेला, आत बसलं की छान वाटतं. तुम्ही काय करायचं, ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. रोजच्या वापरात जो भाग कधी बाहेर येत नाही त्याच्यावर मातीची रेघ दिसली तर समजून जा. मग डिकीतलं स्टेपनी उचला, खालच्या खोलग्यात बोट फिरवा, बारीक गाळ तिथं कोपऱ्यात बसलेला असतो, तो कुणी धूत नाही. फ्यूजबॉक्सच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर विषयच संपला. एवढं तुम्ही स्वतः पण बघू शकता, फिटर लागत नाही.

एसी दुपारी दोनला बघा, सकाळी सगळ्यांचे एसी गार असतात. गाडी उन्हात उभी करून सुरू करायची आणि दहा मिनिटं आत बसायचं. आजी बसणार आहेत ना, मग हे आधी.

आणि उंच गाडी बघा. वॅगन आरसारखी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकून बसायच्या गाडीत त्रास होतो. सीट कमरेच्या उंचीला असली की नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. वॅगन आरमध्ये ऑटोमॅटिक पण मिळते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, नव्यांच्या किमती उतरल्या, तेव्हा जुनीचा भाव पण त्याच्याशी लावूनच मागा.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत आहे बघा. ई-चलन वेगळं बघा. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट नसेल तर ती विकणाऱ्यालाच बसवायला लावा.

वैशाली_जुळेसोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री भाचीला व्हिडिओ कॉलवर हे सगळं वाचून दाखवलं. जावयाचं लायसन खरंच ऑटोमॅटिकपुरतंच आहे! भाचीचं दोन्हीचं आहे. परमिट आणि बोनसचं पत्र दोघंही घेऊन येतील. भाडेकराराचं ऐकून आई चिडली, पण कशासाठी ते सांगितल्यावर म्हणाली, करा.

गाडी भाचीच्याच नावावर घ्यायचं ठरतंय. सीटबेल्ट ओढून बघायला मी स्वतः जाणार आहे.

आता दोन शंका उरल्या. कागद जमेपर्यंत पहिला महिना-दीड महिना काय करावं? आणि परत जाताना गाडी विकली गेली नाही तर?

प्रशांत_विजापूररोड

ताई, मालकाची जबाबदारी एवढी असते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. वडिलांच्या नावावरच्या गाडीची पॉलिसी आत्ताच काढून बघतोय.

पहिल्या महिन्यासाठी ड्रायव्हरसकट गाडी सांगा. दवाखान्याला अर्ध्या दिवसाची, अक्कलकोटला दिवसाची. सेल्फ ड्राइव्हची घेतलीत तर काळ्या प्लेटवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. कुणाची पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी भाड्याने घेऊ नका, अपघात झाला तर भाड्याने दिली म्हणून कंपनी हात वर करते.

मोटारविमा_नवीपेठ

प्रशांतभाऊंचं बरोबर आहे, भाड्याची असेल तर काळ्या प्लेटचीच.

विकण्याचं फार लवकर सुरू करा, निघायच्या दोन महिने तरी आधी. आपल्याकडे पैसे घेतले, चावी दिली, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या की विकली असं मानतात. घेणारा ते फॉर्म कपाटात ठेवतो. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक, मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो. भाची लेस्टरला, गाडी तिसऱ्याच्या हातात, आणि नोटीस तुमच्या घरच्या पत्त्यावर. म्हणून नवीन मालकाचं नाव ऑनलाइन दिसेपर्यंत तिने विमानात बसू नये. तोवर तिचं आधार आलेलं असेल, त्यामुळे हे काम येतानापेक्षा सोपं जाईल. विकल्यावर कंपनीकडून बोनसचं पत्र घ्यायला सांगा. इथे परत गाडी घेतली तर ते तीन वर्षं चालतं. ब्रिटनमधली कंपनी मानते का ते तिने तिकडे विचारावं.

खरंच विकली गेली नाही, तर ती कुणाच्या तरी नावावर पूर्ण ट्रान्स्फर करूनच जायचं, चालवू शकेल अशा नातेवाइकाच्या. दारात झाकून ठेवली आणि पॉलिसी संपली असं होऊ देऊ नका. सार्वजनिक रस्त्यावर बिनाइन्शुरन्स गाडी काढली तर पहिल्या वेळी दोन हजार दंड किंवा तीन महिने कैद, आणि कुणाला लागलं तर भरपाई मालकाच्या खिशातून.

आणखी एक, ताई. अपघात झाला आणि कुणाला दुखापत झाली तर गाडी पोलीस ठाण्यात लागते आणि सुपूर्तनाम्यावर (हमी लिहून देऊन) सोडवावी लागते. तेव्हा आरसी, पॉलिसी, पीयूसी आणि चालवणाऱ्याचं लायसन असे चार कागद मागतात. त्यांची एक फाइल घरी ठेवा, आणि फोटो भाची, जावई, तुम्ही अशा तिघांच्या फोनमध्ये. कंपनीला फोन त्याच दिवशी करायचा, गाडी गॅरेजला न्यायच्या आधी.

भाची आली की पत्र, पासपोर्ट आणि ओसीआय घेऊन तिला कुठल्याही कंपनीच्या शाखेत घेऊन जा, माझ्याकडेच या असं नाही. फक्त गाडीचा सौदा पक्का करायच्या आधी जा. बोनस किती धरणार ते त्यांच्याकडून लिहून घ्या आणि मग टोकन द्या.

वैशाली_जुळेसोलापूर

लिहून घेतलं. पॅनचा फॉर्म भाचीने आजच मागवलाय. फिटरभाऊ, नोव्हेंबरमध्ये एखादी एमएच १३ ची ऑटोमॅटिक वॅगन आर नजरेत आली तर इथेच कळवाल का? बघायला आईलाच घेऊन येते, बसून तीच सांगेल.

फिटर_अक्कलकोटरोड

कळवतो ताई. दुपारी दोनला या.